वाट ठेवून हाकलावं

चौकहून खोपोलीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे मोठाले फलक लागलेत, ते सगळे माणसाला बोलावतात. डोंगराच्या कुशीत घर, नदीकाठी बंगला, विमानतळ जवळ, पनवेल–कर्जत रेल्वे येतेच आहे, आजच बुकिंग करा. नेरळ–कर्जत रस्त्यालाही तीच तऱ्हा. पण गाडीतून उतरून जरा फलकाच्या मागं जाऊन बघा. मागं काटेरी तार असते आणि तारेला पत्र्याचा एक लहान तुकडा बांधलेला असतो: ‘खाजगी मालमत्ता. आत येऊ नये.’ एकाच जागेवर पुढून बोलावणं आणि मागून हाकलणं. बोलावणं गाडीतल्या माणसाला, हाकलणं पायी चालणाऱ्याला.

माझी नात नवी मुंबईत शिकते. तिनं एकदा विचारलं, ‘‘आजी, आकर्षित करणे याच्या उलट काय गं?’’ तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रतिकर्षण’ होतं. दोन लोहचुंबकांची सारखी टोकं जवळ आणली की ती एकमेकांना लोटतात, ते प्रतिकर्षण. लोहचुंबकापुरतं ठीक आहे. पण माणसाला, जनावराला, पाहुण्याला, रोगाला, फौजेला लांब ठेवायला एवढा एक शब्द कसा पुरणार? मी तिला शब्द सांगत गेले आणि यादी काही संपेना.

आधी आकर्षणाचंच बघू. हा शब्द शेतातलाच आहे. संस्कृतात कृष् म्हणजे ओढणं. नांगर ओढायचा असतो म्हणून त्याच धातूपासून कृषी आणि त्याच धातूपासून आकर्षण. आपण बोलताना आकर्षण म्हणत नाही, ओढ म्हणतो. माहेरची ओढ, मातीची ओढ. भुलवणं, लालूच दाखवणं, नादी लावणं, गळाला लावणं हे सगळे ओढीचेच प्रकार. मासा पकडणाऱ्यानं गळाला लावलेलं आमिष तेच कागदोपत्री माणसाला दाखवलेलं आमिष. ओढून घेण्याचे शब्द असे शेतातले आणि नदीतले आहेत, तर लांब सारण्याचे शब्दही तिथंच शोधायला हवेत.

माझं माहेर कर्जत तालुक्यात, पेज नदीच्या काठच्या बाजूला. सासर खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्याच्या आतल्या अंगाला. दोन्हीकडं भात. त्यामुळं लहानपणापासून मी जे काम सगळ्यात जास्त केलं ते राखणीचं, म्हणजेच हाकलण्याचं.

हाकलण्याचं पहिलं शिक्षण आवाजाचं. कुत्र्याला ‘हाड’, मांजराला ‘शुक् शुक्’, कोंबड्यांना ‘हुश् हुश्’, पाखरांना लांबलचक ‘हुर्रर्र’. यांची अदलाबदल चालत नाही. कुत्र्याला शुक् शुक् केलं तर ते आणखी जवळ येतं, आणि मांजराला हाड म्हटलं तर ते तुमच्याकडं नुसतं बघत बसतं. गंमत म्हणजे बोलावण्याचा आणि घालवण्याचा शब्द कधी कधी एकाच घरातला असतो. हाक मारली की माणूस जवळ येतो, बैल हाकला की पुढं चालतो, आणि हाकलला की निघून जातो. हाक, हाकणं, हाकलणं. गळा तोच, फक्त जोर बदलला.

मग येतात क्रियापदं, आणि त्यांच्यात बारीक फरक आहेत. हाकलणं हे सर्वसाधारण, कुणालाही. पिटाळणं म्हणजे मागं लागून लांबपर्यंत नेऊन सोडणं. बुजवणं म्हणजे हात न लावता नुसत्या भीतीनं लांब ठेवणं. आणि हुसकावणं म्हणजे बसलेल्याला उठवणं: झुडपातल्या सशाला, बिळातल्या घुशीला. जो आपल्या जागी बसलाय त्यालाच हुसकावता येतं, वाटेनं चाललेल्याला नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

भादवा सरता सरता भात निसवायला लागतं. दाण्यात दूध भरलं की पाखरांना कसं कळतं कोण जाणे, थव्यानं उतरतात. दिवसाची राखण आम्हा पोरींकडं असायची. फुटका डबा आणि एक काठी. भावांकडं गोफण. रात्रीची राखण आज्याकडं, कारण रात्री रानडुकरं यायची. शेतात चार मेढींवर माळा बांधलेला, वर पेंढा, खाली शेकोटी. एका माळ्यावरून हाळी उठली की पलीकडच्या माळ्यावरून तिला जाब यायचा, आणि मग सगळं शिवार जागं असल्याचं डुकरांना आणि आम्हालाही कळायचं.

आज्याचा एक नियम होता. डुक्कर शेतात शिरलं की पोरं चारी बाजूंनी धावायला बघायची. आजा ओरडायचा, ‘‘कोंडू नका रं त्याला! रानाकडची बाजू सोडा, आन् मग वरडा.’’ चारी बाजूंनी घेरलेलं डुक्कर माणसाच्या अंगावर येतं आणि जाताना भातही लोळवतं. वाट दिसली तर ते मुकाट्यानं त्या वाटेनं पळतं. घरात साप निघाला तरी तीच रीत. आधी मागीलदार उघडायचं, दिवा बाजूला करायचा, आणि मग लांबून काठी आपटायची. नियमाचा दुसरा भाग असा की डुक्कर रानाकडंच गेलं पाहिजे. ‘‘शेजाऱ्याच्या खाचरात घातलंस तर ती राखण न्हवं, ती चोरी,’’ असं तो म्हणायचा.

गावांनी हा नियम नेहमी पाळला असं नाही. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा ओढत शिवेवर नेऊन सोडायची चाल महाराष्ट्रात कितीतरी गावांत होती. पलीकडच्या गावानं तो आपल्या शिवेतून पुढच्या गावाच्या शिवेवर न्यायचा. रोग आपल्या गावातून घालवला, पण कुठं घालवला, याचा विचार पुढच्या गावानं करायचा.

बुजगावणं हा शब्द मला फार आवडतो. बुजणं म्हणजे दचकून अंग चोरणं. छत्री उघडली की बैल बुजतो. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, त्यातही बुजगावणं आहे. काळ्या मडक्याला चुन्याचे डोळे, फाटका सदरा, आडवी काठी. मारत नाही, पकडत नाही, नुसतं उभं राहतं. हल्ली कर्जतच्या खेड्यांत भाताभोवती आणि वालाभोवती जुन्या साड्या बांधतात. लाल, जांभळ्या, काठाच्या. एकेकाळी ज्या साडीनं डोळे ओढून घेतले तीच आता डुकराला बुजवायला उभी. कापड तेच, बघणारा वेगळा.

आता घरात येऊ. लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडायचं असलं की आई कडुलिंबाचा पाला वाटून लावते. पोर एकदा तोंड लावतं, तोंड वाकडं करतं, रडतं. मोहात पाडण्याच्या नेमकं उलट असं जर काही असेल तर ते हे: जे सगळ्यात गोड आहे ते मुद्दाम कडू करणं. पण कुठलीही आई नुसता कडुलिंब लावून थांबत नाही. त्याच दिवशी वाटीत मऊ भात किंवा पेज कालवून समोर ठेवते. एक वाट बंद केली तर दुसरी उघडते.

बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात तीही घालवण्यासाठीच. कुणाची नजर ओढली जाऊ नये म्हणून चांगल्या चेहऱ्याला मुद्दाम खोट लावायची. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं पुढच्या मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवत. मरणानं दारात येऊन विचारलं, इथं कोण आहे, तर उत्तर मिळावं: दगड आहे, केर आहे. नाव ओबडधोबड, पण त्याच्या मागं धरून ठेवायची धडपड.

आणि तीच रीत उलटी वापरली की काय होतं तेही आपल्याच महाराष्ट्रात बघायला मिळतं. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुशी, नकोशी. पुढची मुलगी येऊ नये म्हणून या मुलीच्या कपाळावर ‘नको’ लिहायचं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींना जमवून त्यांना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला. दगडू या नावानं मरणाला हाकललं, पोराला नाही. नकुशी या नावानं मात्र जी आलेली आहे तिलाच हाकललं, आणि ती बिचारी जाणार कुठं? घर तर तेच.

पाहुण्याला लांब ठेवायचे शब्दही मराठीत भरपूर आहेत, पण त्यांच्यावर मर्यादेचा पदर आहे. दारात आलेला विन्मुख जाऊ नये असं म्हणतात. विन्मुख म्हणजे तोंड फिरवून, रित्या हातानं. नको असलेल्याची आपण बोळवण करतो. लेकीला सासरी पाठवताना जी करायची तीच बोळवण. नोकरीतून काढलं तर नारळ दिला म्हणतो. मागणी धुडकावली तर वाटाण्याच्या अक्षता लावल्या म्हणतो. म्हणजे नकार देतानाही हातात काहीतरी ठेवायची भाषा आहे, मग तो नारळ असो की नुसता वाटाणा. ज्याला काहीच द्यायचं नाही, वरून तुच्छही करायचं आहे, त्याच्यासाठी झिडकारणं, हिडीसफिडीस करणं हे शब्द आहेत, आणि ते ऐकायलाच वाईट लागतात. माझी आई म्हणायची, भिकाऱ्याला ‘पुढं जा’ म्हणावं, ‘नाही’ म्हणू नये. पुढं जा म्हटल्यावर निदान पुढं घर आहे एवढं तरी त्याला समजतं.

माझ्या सासरच्या बाजूला एक जागा आहे, तिथं या सगळ्याचा मोठा धडा आहे. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आंबा नदीच्या पात्रात एका खडकावर उंबरखिंडीचं स्मारक उभं आहे. १६६१ सालचा फेब्रुवारी. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्यानं कारतलबखान या उझबेक सरदाराला कोकणात धाडलं, सोबत रायबागन. फौज लोणावळ्याच्या अंगानं कुरवंड्याचा घाट उतरून खाली आली. दाट रान, अरुंद खिंड, वरून दगड आणि बाण. पुढची वाट शिवाजी महाराजांनी अडवली होती आणि मागचीही. पाण्यावाचून फौज कासावीस झाली. शेवटी खान शरण आला, सामानसुमान टाकून दिलं, आणि महाराजांनी त्याला परत जाऊ दिलं.

शाळेत आम्हाला शिकवलं की फौजेचा पराभव केला. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, परतवली. हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. परतवणं यात परतणं आहे. समोरच्याला मागं जायला वाट आहे आणि त्याचं म्हणून एक ठिकाण आहे, हे त्या शब्दातच धरलेलं आहे. कोंडलेल्या फौजेनं मरायचंच ठरवलं असतं तर खिंडीत दोन्हीकडची माणसं पडली असती. वाट दिली, म्हणून थोड्या माणसांत मोठी फौज परत गेली. आज्याला उंबरखिंड ठाऊक नव्हती, पण डुकराची रीत ठाऊक होती.

इथपर्यंत सगळं राखणीचं झालं. आपलं आहे ते सांभाळायचं आणि बाहेरून आलेल्याला लांब सारायचं. पण या भागाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बघितला तर हाकलण्याची दुसरी जात दिसते. बाहेरून आलेल्यानं आत बसलेल्याला उठवायची. म्हणजे हुसकावणं. आणि विचित्र असं की या कामाच्या कागदांत हुसकावणं हा शब्द कुठंच सापडत नाही.

१८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगर ‘राखीव’ झाले. राखीव हा शब्दही राखण्यातूनच आला. पण राखण कुणापासून? तर जे त्या रानातच राहत, लाकूड, कंद, पाला आणत, शेताला राब भाजत, त्या ठाकर-कातकऱ्यांपासून. रानाच्या मालकालाच रानडुकराच्या जागी उभं केलं. डोंगरउतारावर नाचणी-वरीपुरते दळीचे तुकडे कसायला मिळाले, तेही सरकारच्या मर्जीनं. १९३० साली २५ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसं पडली, ती याच राखीवपणापायी.

पुढं कुळांची गोष्ट. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारा मालक झाला. पण तोपर्यंत पुष्कळ कुळं जमिनीवरून गेलेली होती. कागदावर काय लिहिलं होतं? कुळानं राजीखुशीनं जमीन सोडली. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले संस्थेतर्फे या कायद्याची पाहणी केली आणि १९५७ साली अहवाल दिला. अशा पुष्कळशा राजीखुशीच्या सोडण्यात खुशी नव्हती, असंच त्यांना आढळलं. बेदखल हा कोर्टाचा शब्द निदान खरं बोलतो, दखल काढून घेतली म्हणतो. राजीखुशी या शब्दानं हाकलणाऱ्याला पडद्याआड नेलं.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्यात माझ्या माहेरचा घास आहे. घाटावर मावळात आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ पासून त्याचं पाणी भिवपुरीच्या वीजघरात पडू लागलं. वीज मुंबईला गेली. खाली सुटलेल्या पाण्यावर पेज नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली आणि राजनाल्याच्या पाण्यावर कर्जतला उन्हाळी भात झालं. आम्ही ते भात खाल्लं. पण वर ज्यांच्या खाचरांवर पाणी चढलं त्यांना उठावं लागलं. शेजारच्या मुळशीला १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो अशाच धरणाविरुद्ध. ते धरण झालंच. त्याचं पाणी आपल्या जिल्ह्यात भिऱ्याला पडतं.

अशा माणसांना आज विस्थापित म्हणतात, धरणग्रस्त म्हणतात, प्रकल्पग्रस्त म्हणतात. हे शब्द मी बरेचदा घोळवून बघते. हाकललं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? हुसकावलं म्हटलं तरी येतो, कुणी? विस्थापन झालं म्हटलं की कुणी विचारत नाही. पाऊस झाला तसं विस्थापन झालं. पूरग्रस्त आणि धरणग्रस्त एकाच साच्यात बसवले, जणू धरणही आभाळातून पडलं.

आता सासरच्या शेजारच्या वाडीचं सांगते. वाडीचं नाव सांगत नाही. कातकऱ्यांची तीसेक घरं. आमच्या भागातल्या पुष्कळ कातकरी वाड्यांसारखीच ही वाडीही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी. पूर्वी जमीनवाल्यांनाच राखणीला, लावणीला, कोळशाच्या भट्टीला माणसं हवी होती, म्हणून त्यांनीच बांधाच्या कडेला बसवलेली. घर त्यांचं, जमीन दुसऱ्याची. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणाला काही वाटलं नाही. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगडातल्या अशा वाड्यांच्या प्रश्नावर २०१३ साली इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे ही काही एका वाडीची कथा नव्हे.

दसरा-दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याचा माणूस पावसाळ्यात, घरात दाणा नसतो त्या दिवसांत, उचल देऊन जातो. उचल म्हणजे आगाऊ पैसे. हे बोलावणं. पाऊस तोंडावर येईपर्यंत कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर फिटत राहतं. एका वर्षी माणसं भट्टीवरून परत आली तर वाडीच्या तीन बाजूंना तार होती. जमीन विकली गेली होती. कुणी आरडाओरड केली नाही, कुणी काठी उगारली नाही, कुणाचं घर पाडलं नाही. विहिरीची वाट तारेच्या आत गेली होती आणि रस्त्याला लागायची गाडीवाटही. उरली होती आमच्या शेतातून जाणारी बांधावरची एक पायवाट.

त्या वाडीतली एक म्हातारी आमच्याकडं लावणीला यायची. ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, ‘‘आमाला कुनी हाकललं नाय, बाय. नुसती वाट बंद केली.’’

आज्याच्या नियमाचं हे पुरतं उलटं रूप. तिथं वाट मोकळी ठेवून ओरडायचं होतं. इथं न ओरडता वाट बंद करायची. ओरडलं तर निदान कळतं की कोण ओरडतंय आणि कुठं जायचंय. तारेला विचारणार काय?

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. चुलतसासऱ्यांच्या मुलांनी त्यांचे हिस्से देऊन टाकले होते, आमचाच तुकडा मधे राहिला होता. मध्यस्थ गोड बोलणारा होता. सासूबाईंना मावशी म्हणायचा. येताना मिठाईचा पुडा, नातवंडांना खाऊ. भाव ऐकून घरातले पुरुष गप्प झाले, आणि गप्प होण्यासारखाच तो होता. धाकट्या दिराच्या डोक्यावर कर्ज होतं, माझ्या मुलाचं शिक्षण चाललं होतं. गाव विकायला निघालं असताना एकट्यानं अडून बसणं काही शहाणपणाचं दिसत नव्हतं. इसाराचे पैसे घेऊनच तो आला होता. निघता निघता त्यानं एक अट सांगितली: बांधावरची ती पायवाट आधी बंद करून द्या, मग बाकीचं मी बघतो.

सासूबाईंनी त्याला बसवलं. चहा दिला. मिठाईचा पुडा तसाच त्याच्या हातात परत ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘च्या पी बाबा, आन् आल्या वाटेनं जा. ती वाट आमी बंद करनार नाय.’’

त्यात हाड नव्हतं, हुश् नव्हतं, झिडकारणं नव्हतं. तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा चहा झाला, दोन्ही वेळा तेच उत्तर झालं. घरात यावरून भांडणं झाली, ती मी इथं मांडत बसत नाही. दिराचं कर्ज पुढं तीन-चार वर्षं फेडत बसलो, सोनं मोडलं. फुकट काहीच झालं नाही.

मला पुष्कळदा वाटतं, रानडुकराला, पाखराला, सापाला, नजरेला, फौजेला घालवायचे शब्द आपल्या माणसांनी शेकडो वर्षं घासून-पुसून ठेवले, पण भुलवायला आलेल्याला घालवायचे शब्द आमच्या भागात कमी पडले. कारण तो शत्रूसारखा येतच नाही. तो पाहुण्यासारखा येतो, आणि पाहुण्याला विन्मुख पाठवू नये ही शिकवण आपल्या हाडात. एक्स्प्रेसवे झाला तेव्हापासून या दोन तालुक्यांत किती बांध विकले गेले, त्यातले निम्मे तरी या संकोचापायी गेले असतील असं मला वाटतं. समोर बसलेल्या गोड माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं तेच आमच्या लोकांना सुचलं नाही. सासूबाईंना सुचलं, कारण त्यांनी त्याला नव्या शब्दानं नव्हे, बोळवणीच्या जुन्याच रीतीनं लावलं. चहा दिला, मान ठेवला, वाट दाखवली.

दिवाळीत आमच्याकडं पाडव्याला ओवाळताना म्हणतात, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. एका दमात घालवणं आणि बोलावणं दोन्ही. आधी जायला सांगायचं, मग यायला. पण कुणाला जा म्हणायचं आणि कुणाला ये म्हणायचं, हे ओवाळणाऱ्याला नीट माहीत असलं पाहिजे. नाहीतर फलकावर ‘या’ आणि तारेवर ‘आत येऊ नये’ अशी गत होते, फक्त माणसं अदलाबदल होतात.

सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. वाडीचा घरांखालच्या जमिनीचा अर्ज अजून चाललेलाच आहे. दर काही महिन्यांनी वाडीतली पोरं कागद घेऊन तालुक्याला जातात, आमच्या बांधावरूनच जातात. भात कापून झालं की त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना आम्ही वाल पेरतो. वालाला डुकरं आणि वानरं फार, म्हणून यंदाही भोवती जुन्या साड्या बांधल्यात. पायवाट जिथं शेतात शिरते आणि जिथून बाहेर पडते, तिथं दोन्ही ठिकाणी माणूस डोक्यावर भारा घेऊन सरळ जाईल एवढी जागा सोडून बांधल्यात.